एमजीबी खाली बसवायची आहे : स्प्रिंगच्या आधी कोणती मापे घ्यावीत?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती मी समजलो ती अशी. तुमच्याकडे १९७५ सालची, काळ्या रबरी बंपरची, उघड्या टपाची एमजीबी, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, आहे. ती उंच दिसते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला फार झुकते, म्हणून तुम्ही पुढच्या चाकांसाठी गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या कॉइल स्प्रिंग घेऊन ठेवल्या आहेत. मागे पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवर तेवढ्याच जाडीचे ठोकळे घाला, असे विकणाऱ्याने सुचवले आहे आणि एका मित्राचे म्हणणे असे की नव्या स्प्रिंग हव्यात कशाला, जुन्यांचेच एखादे वेटोळे कापून टाका. हे काम घरी करता येईल का, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावे लागतील का आणि मागे ठोकळे घालावेत का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

तिन्हींची उत्तरे खाली दिली आहेत. मात्र तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. गाडी उंच दिसणे ही एक आणि ती वळणावर झुकणे ही दुसरी. स्प्रिंग बदलल्याने पहिली तक्रार नक्की दूर होते. दुसरी दूर होईलच असे नाही, आणि काम चुकीच्या क्रमाने केले तर ती वाढूही शकते.

तुमची गाडी उंच का आहे, याला इतिहास आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून बनत आलेली एमजीबी मुळात क्रोमच्या बंपरची आणि बुटकी होती. अमेरिकेतल्या बंपरच्या आणि दिव्यांच्या उंचीच्या नियमांत बसावी म्हणून १९७४ च्या सप्टेंबरात तिला रबरी बंपर आले आणि तिची उंची सुमारे दीड इंच वाढवण्यात आली. त्याच वेळी खर्च वाचवण्यासाठी उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बारही (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, पिळून झुकणे रोखणारा दांडा) काढून टाकण्यात आला. परिणाम व्हायचा तोच झाला : गुरुत्वमध्य वर गेला आणि झुकणे रोखणारा भागच नाहीसा झाला. पुढे १९७६ मध्ये, म्हणजे १९७७ च्या मॉडेलपासून, पुढे आणि मागे दोन्हीकडे बार देऊन कंपनीने ही उणीव भरून काढली. तुमची गाडी नेमकी या दोन तारखांच्या मधली आहे. त्यामुळे गाडीखाली वाकून पुढे आडवा बार आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहा. एखाद्या आधीच्या मालकाने तो बसवलेला असू शकतो. तो नसेल, तर तुमच्या झुकण्याच्या तक्रारीचे मोठे कारण तिथेच आहे.

दीड इंच खाली येण्याने झुकण्यात किती फरक पडतो, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे असे धरले आणि तो ३८ मिलिमीटर खाली आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार साधारण साडेसात टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा खरा आहे, पण तेवढ्यावर वळणावरचा स्वभाव पालटत नाही. शिवाय दुहेरी विशबोनच्या, म्हणजे चाक वर आणि खाली अशा दोन आडव्या हातांनी धरून ठेवणाऱ्या, सस्पेन्शनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू विशबोनच्या कलावरून ठरतो. बॉडी खाली आली की विशबोनचे बाहेरचे टोक आतल्या टोकाच्या मानाने वर येते आणि झुकण्याचा तो बिंदू बहुधा बॉडीपेक्षा जास्त खाली उतरतो. म्हणजे गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांच्यातले अंतर कमी होण्याऐवजी वाढते, आणि स्प्रिंगची कडकी तेवढीच राहिली तर गाडी खाली बसूनही पूर्वीइतकीच किंवा थोडी जास्त झुकते. खाली बसवणाऱ्या चांगल्या स्प्रिंग नेहमी थोड्या कडक बनवतात, त्याचे हे एक कारण आहे.

तुमच्या गाडीच्या बाबतीत यात एक बारकावा आहे, जो नेहमी निसटतो. रबरी बंपरची गाडी दीड इंच खाली आणली म्हणजे ती क्रोम बंपरच्या गाडीसारखी झाली, असे म्हटले जाते. दिसायला ती तशी होते, भूमिती मात्र तशी होत नाही. पुढची उंची वाढवताना कंपनीने विशबोन ज्यावर बसतात तो क्रॉसमेंबरच बदलला होता, त्यामुळे बॉडी वर गेली तरी विशबोनचा कल बिघडला नव्हता. तुम्ही तीच उंची आखूड स्प्रिंगने कमी करता तेव्हा क्रॉसमेंबर तोच राहतो आणि विशबोन त्यांच्या ठरलेल्या जागेवरून वर सरकतात. जुना क्रॉसमेंबर आणून बसवणे हा भूमितीच्या दृष्टीने जास्त शुद्ध मार्ग आहे, पण त्यात स्टीअरिंग रॅक आणि स्टीअरिंगचा दांडा एका रेषेत जुळवून घेण्याचे काम अंगावर येते. नुसती उंची कमी करण्यासाठी एवढा खटाटोप करावा, असे मला वाटत नाही.

आता माझ्या मते या सगळ्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे चाकाला वर जायला उरणारी जागा. गाडी स्थिर उभी असताना चाक बंप रबरला (चाकाला आणखी वर जाण्यापासून शेवटी अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत जेवढे वर जाऊ शकते, तेवढीच तुमची शिल्लक. समजा ही जागा ७५ मिलिमीटर आहे. गाडी ३८ मिलिमीटर खाली आणली की शिल्लक निम्म्यावर, म्हणजे ३७ मिलिमीटरवर येते. स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती तिच्या कडकीच्या सरळ प्रमाणात आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तोच खड्डा निम्म्या जागेत पचवायचा असेल, तर चाकापाशी भासणारी कडकी जवळपास चौपट हवी. एवढी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीत कोणी घालत नाही आणि घालूही नये. गाडी २५ मिलिमीटरच खाली आणली, तर शिल्लक ५० मिलिमीटर राहते आणि तोच हिशेब सव्वादोन पटीवर येतो. दीड इंच आणि एक इंच यांतला फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो. चाकाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

स्प्रिंगकडून जे पचत नाही ते बंप रबरला पचवावे लागते. अधूनमधून रबर टेकण्याला हरकत नाही, ते त्याचसाठी आहे. पण गाडी वळणावर झुकलेली असताना बाहेरचे चाक रबरला टेकले, तर त्या चाकापाशी कडकी एका क्षणात अनेक पटींनी वाढते, त्या टायरवर भार एकदम चढतो आणि गाडीचे ते टोक पकड सोडते. पुढे असे झाले तर स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते, आणि मागे झाले तर शेपूट फिरते. माझ्याकडे कामाला आलेल्या एका गाडीच्या मालकाची तक्रार होती की नव्या स्प्रिंग फार कडक आहेत. गाडी वर घेऊन पाहिले तर स्प्रिंग ठीक होत्या, पण बंप रबरांचे माथे आरशासारखे गुळगुळीत झालेले आणि एकाची कड फाटलेली होती. ती गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, रबरांवर चालत होती. त्या मालकाने उंची थोडी वाढवून घेतली आणि तेव्हापासून तीच गाडी वळणांवर जास्त वेगाने आणि जास्त विश्वासाने जाते.

म्हणून नव्या स्प्रिंगचा खोका उघडण्याआधी मोजपट्टी हातात घ्या. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमध्ये योग्य हवा आणि टाकीत निम्मे पेट्रोल असू द्या, आणि चालकाच्या जागी तुमच्या वजनाचे काहीतरी ठेवा. गाडी थोडी पुढेमागे ढकलून मगच मापे घ्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजले तर टायरच्या झिजेची आणि हवेची चूक मापात शिरते. त्यानंतर बंप रबर आणि ते जिथे टेकते ती जागा यांतले अंतर मोजा. पुढच्या बाजूला ही फट चाकापेक्षा बरीच आत असल्यामुळे तिथले अंतर आणि चाकाची हालचाल सारखी नसते, हे लक्षात ठेवा. चाक प्रत्यक्ष किती वर जाते हे जॅकने चाक हळूहळू वर उचलूनच कळते आणि ते पाहण्याची योग्य वेळ कोणती, हे पुढे सांगतो.

डाव्या-उजव्या बाजूंत दहा मिलिमीटरहून जास्त फरक आढळला, तर आधी त्याचे कारण शोधा. इतक्या जुन्या गाडीत मागचा एखादा पाटा बसलेला असणे अगदी नेहमीचे आहे. मागचा एक कोपरा खाली गेला की त्याच्या समोरासमोरचा तिरका पुढचा कोपरा वर उचलला जातो, आणि मालकाला वाटते की पुढची दुसरी स्प्रिंग बसली. अशा गाडीत पुढच्या स्प्रिंग कितीही वेळा बदलल्या तरी ती सरळ बसत नाही. दुसरे असे की खोक्यावरचा दीड इंच हा नव्या मूळ स्प्रिंगच्या तुलनेत असतो. तुमच्या जुन्या स्प्रिंग वयोमानाने अर्धा इंच आधीच बसल्या असतील, तर प्रत्यक्षात गाडी एकच इंच खाली येईल. त्यामुळे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली मूळ उंची आणि तुमची मोजलेली उंची शेजारी शेजारी मांडूनच पुढचे ठरवा.

वेटोळे कापण्याचा सल्ला मी मान्य करत नाही, आणि त्याची कारणे सांगतो. स्प्रिंगची कडकी काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. आठ वेटोळ्यांतले एक कापले की उरलेली स्प्रिंग आठास सात, म्हणजे सुमारे चौदा टक्के कडक होते. इथवर काही बिघडले नाही. पण कापल्यावर लांबी कमी होते आणि कडकी वाढल्यामुळे दबणेही कमी होते, म्हणून गाडी नेमकी किती खाली येईल हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यातच या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग चाकापेक्षा बरीच आत असल्याने स्प्रिंगच्या लांबीतला फरक चाकापाशी साधारण दुप्पट होऊन दिसतो. पाव इंचाची चूक तिथे अर्धा इंच होते. शिवाय कापलेले टोक सपाट बसत नाही, भार एका बिंदूवर येतो आणि तिथून तडा जाण्याची भीती राहते. काही जण स्प्रिंग तापवून बसवतात. हे तर कधीच करू नये, कारण तापवल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि स्प्रिंग हळूहळू बसत जाते किंवा मोडते. तुमच्याकडे योग्य मापाच्या नव्या स्प्रिंग आहेत, त्याच वापरा.

मात्र त्या किती कडक आहेत हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तो आकडा पौंड प्रति इंच किंवा न्यूटन प्रति मिलिमीटर असा असतो आणि तो स्प्रिंगचा असतो, चाकापाशी भासणारा नव्हे. चाक दोन इंच हलल्यावर स्प्रिंग एक इंच दबत असेल, तर चाकापाशी भासणारी कडकी स्प्रिंगच्या चौथा भाग असते, कारण तरफेमुळे बलही निम्मे होते आणि दबणेही निम्मे होते. म्हणजे चारशे पौंडांची स्प्रिंग चाकाला शंभर पौंडांची वाटते. वेगवेगळ्या गाड्यांच्या स्प्रिंगचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, तो याचसाठी.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या गाडीतले शॉक आज कोणत्या अवस्थेत आहेत यावर अवलंबून आहे. नवी स्प्रिंग मूळपेक्षा तीस टक्के कडक आहे असे धरले, तर तेवढाच आवर राखण्यासाठी शॉकचा विरोध सुमारे चौदा टक्के वाढायला हवा, कारण तो कडकीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लागतो. चांगल्या स्थितीतला मूळ शॉक एवढा फरक सहसा झेलतो. अडचण अशी की एमजीबीचे शॉक नळीसारखे नसून आर्मस्ट्राँग पद्धतीचे, हात असलेले आणि तेलाने भरलेले आहेत. ते बाहेरून ठीक दिसतात आणि आतून रिकामे असतात. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा इथे पुरेशी नाही. मागे दुवा सोडवून आणि पुढे स्प्रिंग उतरवल्यावर शॉकचा हात स्वतः वर-खाली फिरवून पाहा. संपूर्ण टप्प्यात विरोध जड आणि एकसारखा लागला पाहिजे. सुरुवातीला किंवा दिशा बदलताना हात क्षणभर मोकळा जात असेल, तर आत तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. तेल भरून, हात अनेकदा पूर्ण फिरवून हवा काढा आणि पुन्हा तपासा. दांड्याच्या सीलपाशी तेलाचा ओलावा असेल, तर शॉक दुरुस्तीला पाठवणे हाच उपाय आहे. घट्ट तेल भरून शॉक कडक करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. तिने छोट्या, तीव्र दणक्यांनाही गाडी कडक होते आणि तेल तापल्यावर परिणाम बदलतो. कडकी वाढवायचीच असेल, तर ती आतल्या झडपेतून वाढवून घ्यावी.

पुढचे शॉक तपासताना आणखी एक गोष्ट डोळ्यांखालून घाला. या गाडीत पुढच्या शॉकचे हात हेच वरचे विशबोन आहेत. शॉकच्या दांड्याचा बेअरिंग झिजला असेल, तर दणके नीट शमत नाहीत एवढ्यावर भागत नाही. चाकाचा कँबरही, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कलही, प्रत्येक वळणावर हलतो. टॉमी (लोखंडी पहार) लावून हाताला बाहेरच्या बाजूने रेटा द्या आणि दांड्यापाशी बोट ठेवा. बोटाला हालचाल जाणवली, तर नव्या स्प्रिंग बसवण्याआधी ते शॉक बदला. कडक स्प्रिंग अशी झीज झाकत नाही, उघडी करते. खालच्या विशबोनचे आतले बुश (सांध्यातली रबरे) आणि किंगपिन (ज्याभोवती चाक वळते तो उभा दांडा) यांनाही हेच लागू आहे.

इथवरच्या विवेचनाचा धागा सांगायचा तर, आधी मापे, मग शॉक आणि बुश, त्यानंतर पुढचा अँटी-रोल बार आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग, असा माझा क्रम आहे. बार स्प्रिंगच्या आधी ठेवण्याचे कारण असे की दोन्ही चाके एकदम वर जातात तेव्हा तो नुसता फिरतो आणि काहीही अडवत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली असेल तेव्हाच तो पिळला जातो आणि विरोध करतो. म्हणजे सरळ रस्त्यावरच्या दोन्ही चाकांखालच्या उंचवट्यावर गाडी पूर्वीइतकीच मऊ राहते आणि झुकणे मात्र रोखले जाते. तुमच्या तक्रारीवर याहून नेमका इलाज नाही. बार नसलेल्या गाडीत त्याचा दुवा जोडायची सोय खालच्या विशबोनवर आहे का आणि पुढे बॉडीला बार धरून ठेवणाऱ्या कड्यांसाठी जागा आहे का, हे पाहून त्याप्रमाणे भाग मागवा. स्प्रिंगसाठी विशबोन सोडवणारच आहात, तर दोन्ही कामे एकाच वेळी करता येतील.

घरी काम करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण दबलेल्या स्प्रिंगमध्ये किती जोर साठलेला असतो याची जाणीव ठेवूनच. मागच्या चाकांना अडसर लावा, पुढचा भाग उचलून बॉडीच्या मजबूत आडव्यांखाली लोखंडी घोड्या लावा आणि जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नका. चाक काढा. बार असेल तर त्याचा दुवा दोन्हीकडचा सोडवा. आता चाके असलेला जॅक स्प्रिंग ज्यावर टेकते त्या खालच्या पॅनखाली घेऊन थोडा वर करा, म्हणजे शॉकच्या हातावरचा ताण निघेल. स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून एक साखळी ओवून ती क्रॉसमेंबरभोवती सैल अडकवून ठेवा. मग शॉकचे हात आणि किंगपिनचे वरचे टोक यांना जोडणारा बोल्ट काढा, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) बाहेरच्या बाजूला कलू द्या आणि तो तारेने टांगा, जेणेकरून ब्रेकच्या रबरी नळीवर भार येणार नाही. त्यानंतर जॅक अगदी सावकाश खाली घ्या. पॅन सरळ खाली न येता कमानीत फिरत येतो, त्यामुळे जॅकची चाके मोकळी असली पाहिजेत. ती अडली तर जॅक पॅनवरून निसटतो. पॅन पूर्ण खाली आल्यावरही मूळ स्प्रिंगमध्ये थोडा जोर उरलेला असू शकतो, म्हणून ती काढताना तिच्या समोर उभे राहू नका. बाजूने लांब टॉमी लावून तिला बाहेर घ्या.

स्प्रिंग बाहेर आल्यावर नवी बसवण्याची घाई करू नका. सस्पेन्शन जोरावाचून वर-खाली हलवून पाहण्याची हीच संधी आहे आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. वरचा बोल्ट तात्पुरता पुन्हा घाला, चाक लावा आणि जॅकने चाक हळूहळू वर न्या. चाकाचा मध्य ते मडगार्ड हे अंतर तुमच्या नव्या उंचीइतके झाले की थांबा आणि तिथून बंप रबर टेकेपर्यंत चाक आणखी किती वर जाते, ते मोजा. ही तुमची खरी शिल्लक आहे. ती ४० मिलिमीटरच्या आत असेल, तर मी रस्त्यावर चालवायच्या गाडीला ती उंची देत नाही. हा माझा स्वतःचा नियम आहे. तुम्ही एकटेच, सामानाशिवाय, चांगल्या रस्त्यावर चालवत असाल तर थोडे खाली जाता येईल आणि दोघे जण सामानासह लांबचा प्रवास करत असाल तर याहून जास्त जागा ठेवावी. चाक वर असतानाच स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर मडगार्डच्या कडेला किंवा आतल्या पत्र्याला घासतो का, तेही पाहा. रुंद टायर असतील तर हमखास कुठेतरी घासतो.

याच स्थितीत आणखी एक तपासणी होते. चाकाच्या बाहेरच्या बाजूला सरळ लाकडी पट्टी बांधा आणि चाक वर-खाली करताना तिची दोन्ही टोके एका स्थिर रेषेपासून किती अंतरावर आहेत, ते दर दहा मिलिमीटरला लिहा. स्टीअरिंग मध्यावर घट्ट धरून ठेवलेले असले पाहिजे. चाक वर जाताना ते आपोआप आत किंवा बाहेर वळत असेल, तर खड्ड्यात गेल्यावर गाडी स्वतःहून दिशा बदलणार. गाडी खाली बसल्यावर स्टीअरिंग रॅक आणि चाक यांना जोडणाऱ्या टाय रॉडचा कल बदलतो आणि हा दोष थोडा वाढतो. नव्या उंचीच्या आसपास तो नगण्य असेल तर चिंता नको. तो झपाट्याने वाढत असेल, तर उंची थोडी वाढवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण रॅकची जागा बदलण्याचे काम बरेच किचकट आहे.

नवी स्प्रिंग आखूड असल्यामुळे बसवायला सोपी जाते. तिची वरची आणि खालची टोके आपापल्या खोबणीत नीट बसली आहेत ना आणि चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना स्प्रिंग सैल होऊन खडखडत नाही ना, हे दोन्ही पाहा. पूर्ण खाली सैल होणारी स्प्रिंग उंचवट्यावर गाडी उसळल्यावर खोबणीतून सरकते. अशी स्प्रिंग त्या गाडीसाठी आखूडच आहे, असे समजा. बुशचे बोल्ट या टप्प्यावर फक्त हलके आवळा. गाडी जमिनीवर घेऊन, पुढेमागे ढकलून, स्वतःच्या भाराने बसली की मगच ते मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे पूर्ण आवळायचे असतात. चाक लोंबकळत असताना आवळले, तर धातूला चिकटवलेल्या रबराचे बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात, गाडी खोटी उंची दाखवते आणि बुश थोड्याच काळात फाटतात. नव्या स्प्रिंग घालूनही गाडी अपेक्षेइतकी खाली बसली नाही, अशा तक्रारींमागे कित्येकदा एवढेच असते.

आता मागच्या ठोकळ्यांबद्दल. एमजीबीत मागचा अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसतो, म्हणून दोघांच्या मध्ये ठोकळा घातला की बॉडी तेवढीच खाली येते. यात पाटा, त्याचा बाक आणि कडकी काहीच बदलत नाही. शॉकचा दुवा पाट्याखालच्या पट्टीला जोडलेला असल्याने शॉकच्या हाताची जागाही बदलत नाही, हा एक फायदा. तोटा असा की अ‍ॅक्सल आणि बंप रबर यांच्यातले अंतर ठोकळ्याच्या पूर्ण जाडीने कमी होते आणि ते भरून काढायला कडकी मात्र वाढलेली नसते. वर जे चौपटीचे गणित मांडले, ते इथे सर्वांत जास्त बोचते. शिवाय ठोकळा जितका उंच तितका अ‍ॅक्सल पाट्यापासून दूर जातो आणि जोरात गती देताना किंवा ब्रेक लावताना पाटा वाकडा पिळण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणून तुमच्या गाडीत दीड इंचाचे ठोकळे घालू नका. पाटे सुस्थितीत असतील तर एक इंचाचा ठोकळा चालेल. पाटे मुळातच बसलेले असतील, तर ठोकळ्यांचा विचार सोडून कमी बाकाचे नवे पाटे घ्या. तेव्हा शॉकच्या हाताचा कल बदलेल, त्याच्या दुव्याची लांबी तेवढी तपासून घ्यावी लागेल.

ठोकळा घातलाच, तर पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके ठोकळ्याच्या खालच्या छिद्रात आणि ठोकळ्यावरची खुंटी अ‍ॅक्सलच्या छिद्रात अचूक बसली पाहिजे. नाहीतर अ‍ॅक्सल सरकून गाडी तिरकी चालते. एकावर एक दोन ठोकळे कधीही रचू नका. यू-बोल्ट लांब आणि नवेच वापरा, जुने वाढवून किंवा वेल्डिंग करून नव्हे. हे बोल्ट सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण रबरी पॅड दबतात. अ‍ॅक्सलला खाली लोंबण्यापासून रोखणारे पट्टे, हँडब्रेकची केबल आणि एक्झॉस्टचा पाइप यांना नव्या उंचीवर पुरेशी मोकळीक आहे का, हेही त्याच वेळी बघा. एमजीबीचा एक्झॉस्ट तसाही खाली असतो. दीड इंच कमी झाल्यावर सर्वांत आधी तोच जमिनीला घासतो.

पुढचे आणि मागचे टोक किती खाली आणायचे, हे सारखे असलेच पाहिजे असा आग्रह धरू नका. दाराखालची कड जमिनीला समांतर किंवा पुढच्या बाजूला किंचित खाली राहील, असे मी ठेवतो. मागचे टोक खाली गेलेली गाडी वाईट दिसते आणि वेगात तिचे पुढचे टोक हलके वाटते.

सगळे बसवून झाल्यावर पुढच्या चाकांचा टो-इन (चाके पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते माप) तपासून घेतल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका, कारण उंची बदलली की तो नक्की बदलतो आणि तसेच चालवल्यास टायरच्या कडा फार लवकर झिजतात. दिव्यांचा झोतही नव्याने लावावा लागतो. कँबर या गाडीत सहज बदलता येत नाही. तो थोडा ऋण बाजूला, म्हणजे चाकाचे वरचे टोक आत कलून, गेला असेल तर हरकत नाही, उलट वळणावर मदतच होते. दोन्ही चाकांत फरक असेल तर मात्र शॉकच्या बेअरिंगकडे किंवा वाकलेल्या विशबोनकडे पुन्हा वळा.

पहिल्या आठवड्यात बंप रबरच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची एक जाड गोळी चिकटवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्या वेगाने गाडी चालवा. माती किती दबली यावरून चाक कुठवर वर जाते ते कळते. ती अगदी पातळ झाली असेल, तर चाक रबरवर आपटते आहे आणि तुम्हाला उंची वाढवायला हवी. पुढच्या बाजूला त्यासाठी स्प्रिंगखाली पातळ चकती घालता येते आणि तरफेमुळे पाव इंचाची चकती चाकापाशी अर्ध्या इंचाचा फरक करते.

चारही चाकांची मापे, स्प्रिंगची लेखी कडकी आणि पुढे बार आहे की नाही, एवढे कळवलेत, तर दीड इंचाच्या या स्प्रिंग तुमच्या गाडीला चालतील की त्या परत करून एक इंचाच्या घ्याव्यात, हे मला निश्चितपणे सांगता येईल. आहे त्या माहितीवर माझा कल एक इंचाकडे आणि बार बसवण्याकडे आहे.